उदाहरण चुकले की वाचन चुकले?



मी भाषेची शिक्षिका. दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी गणिताची आणि माझी फारकत झाली, आणि ती दोघांनाही मानवली. तेव्हा गणिताच्या, त्यातही संगणकाच्या विषयावर मी लेख लिहावा, याचे तुम्हांस नवल वाटेल. परंतु यंदा वर्गात एक असा प्रसंग घडला की, त्यात भाषा आणि गणित यांची गाठ अकस्मात पडली. त्या प्रसंगातून मी जे शिकले, ते तुमच्यापुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एके दिवशी संगणकाचे शिक्षक रजेवर होते आणि त्यांच्या तासावर देखरेखीसाठी मला जावे लागले. मुले प्रोग्रॅम लिहिण्याच्या एका स्पर्धेची तयारी करीत होती. सरांनी जाण्यापूर्वी फळ्यावर पुढील उदाहरण लिहून ठेवले होते :

"एक चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा पुन्हा करीत गेल्यास शेवटी ६१७४ ही संख्या येते. दोन संख्या दिल्या असता, त्यांच्यामधील संख्यांपैकी एखादीस ६१७४ पर्यंत पोचण्यास जास्तीत जास्त किती पायऱ्या लागतात, ते सांगणारा प्रोग्रॅम लिहा."

आणि खाली एक जोडी दिली होती : ११११ आणि १११४.

अर्ध्या तासाने मुले माझ्याभोवती जमली. एकाचे उत्तर ६ आले होते, दुसऱ्याचे ५, तिसरीचे ४ आणि चौथ्याचे ७. पाचव्याचा संगणक तर उत्तरच देईना. तो नुसता चालतच राहिला होता. "बाई, कोणाचे बरोबर?" असे सर्वांनी एकदम विचारले. मी काय सांगणार? मी त्यांना म्हणाले, "उदाहरण मला मोठ्याने वाचून दाखवा." आणि आश्चर्य असे की, त्या वाचनातच सारा उलगडा होत गेला.

मूळ गणित कोणाचे?

तो उलगडा सांगण्यापूर्वी या गणिताच्या जनकाची ओळख करून देणे माझे कर्तव्य आहे. कारण ते आपल्या जवळचे आहेत. सुरतेहून मुंबईस जाताना डहाणू हे स्थानक लागते, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्या डहाणूस १९०५ साली दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिक्षकाचे काम केले. ते कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. अंकांशी खेळणे हाच त्यांचा छंद. या छंदातून १९४९ साली त्यांना ६१७४ या संख्येचा वर सांगितलेला गुणधर्म आढळला. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर झाले. आज ६१७४ या संख्येस 'कापरेकर स्थिरांक' असे म्हणतात.

आता ही क्रिया प्रत्यक्ष करून पाहू. १११४ ही संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने ४१११, चढत्या क्रमाने १११४.

४१११ − १११४ = २९९७
९९७२ − २७९९ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

सहा वजाबाक्यांत आपण मुक्कामी पोचलो. पुढे कितीही वेळा वजाबाकी करा. ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च येतात. चारही अंक सारखे असलेल्या नऊ संख्या वगळल्या, तर चार अंकी संख्या ८,९९१ उरतात. त्यांपैकी एकीसही सातांहून अधिक वजाबाक्या लागत नाहीत.

पाच उत्तरे, पाच वाचने

आता त्या पाच मुलांकडे वळू.

पहिल्याने ११११ पासून १११४ पर्यंतच्या चारही संख्या विचारात घेतल्या. ११११ मधून ११११ वजा केले की शून्य उरते, म्हणून ती संख्या त्याने सोडून दिली. १११२ ला पाच, १११३ ला चार आणि १११४ ला सहा वजाबाक्या लागल्या. सर्वांत मोठा आकडा ६, हे त्याचे उत्तर.

दुसरा म्हणाला, "उदाहरणात 'त्यांच्यामधील' असे लिहिले आहे. माझ्या दोन बाजूंस दोन मित्र बसले असतील, तर आमच्यामधील मी एकटाच." त्याने ११११ आणि १११४ ही दोन टोके वगळली. उरल्या १११२ आणि १११३. म्हणून त्याचे उत्तर ५.

तिसरीनेही टोके वगळली होती. पण १११२ जवळ तिची वाट निराळी झाली. २१११ मधून १११२ वजा केल्यास ९९९ येतात. दुसऱ्या मुलाने ते ०९९९ असे चार अंकी मानले आणि ९९९० मधून ०९९९ वजा करून तो पुढे गेला : ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. हिने विचार केला की, संख्येच्या डावीकडील शून्याला किंमत नसते, असे आपण पहिल्यापासून शिकलो. म्हणून तिने ९९९ मधून ९९९ वजा केले. उत्तर शून्य! १११२ कधीच पोचत नाही असे ठरवून तिने ती संख्या टाकून दिली. उरली १११३, तिचे उत्तर ४.

चौथ्याने वजाबाक्या मोजल्या नाहीत. त्याने वाटेत भेटलेल्या संख्या मोजल्या. १११४ पासून ६१७४ पर्यंत दोन्ही धरून सात संख्या होतात, म्हणून ७.

आणि पाचवा? त्याने उदाहरणावर पूर्ण विश्वास ठेवला. 'शेवटी ६१७४ ही संख्या येते,' असे फळ्यावर लिहिले आहे ना? मग ११११ चेही तसेच होणार! बिचारा संगणक शून्यातून शून्य वजा करीत ६१७४ ची वाट पाहत बसला होता.

मित्रांनो, नीट पाहा. पाचांपैकी एकाचीही वजाबाकी चुकली नव्हती. पाचही जणांनी जे वाचले, त्याचे उत्तर बरोबर काढले होते. फळ्यावरचे उदाहरण एक दिसत होते, परंतु त्याच्या पोटात निदान पाच उदाहरणे दडलेली होती.

दोष इंग्रजीचा नव्हे

स्पर्धेतील उदाहरणे बहुधा इंग्रजीत असतात. त्यामुळे "आम्ही मराठी माध्यमाचे, म्हणून आम्हांला ती कळत नाहीत," असे मुले वारंवार म्हणतात, आणि पालकही खिन्न होऊन त्यास दुजोरा देतात. पण हे उदाहरण तर शुद्ध मराठीत होते! तरीही पाच तोंडे पाच दिशांना गेली. तेव्हा संदिग्धपणा हा एका भाषेचा दोष नाही. तो सर्वच भाषांच्या अंगी मुरलेला आहे.

'परवा' हा आपला रोजचा शब्द घ्या. 'परवाच्या सामन्याविषयी वर्गात चर्चा होईल,' अशी सूचना लागली, तर सामना झाला की व्हायचा आहे? मराठीत उलटून गेलेला परवा आणि येणारा परवा एकच. माझ्या घरच्या कोंकणीत गेलेल्या दिवसाला 'पयर' म्हणतात आणि येणाऱ्याला 'परवां'. म्हणून लहानपणी मराठी 'परवा'ने मला पुष्कळ फसवले. येथे इच्छापोरला दुकानदार 'काले' म्हणतो, तेव्हा आदला दिवस की दुसरा दिवस, हे पुढच्या क्रियापदावरूनच ओळखावे लागते. तसेच हिऱ्यांचे. ज्यांचे पालक हिऱ्यांच्या कामावर जातात, त्यांनी घरी विचारून पाहावे. एका कॅरटचे शंभर सेंट होतात. 'वीस ते तीस सेंटचे हिरे एका पुडीत घाला,' असे सांगितले, तर नेमका तीस सेंटचा हिरा या पुडीत घालायचा की पुढच्या पुडीत? अनुभवी कारागिराला तेथील रीत ठाऊक असते. नवख्याला मात्र विचारावेच लागते. संगणक हा कायमचा नवखा आहे, आणि तो विचारतही नाही.

इंग्रजीतील एक प्रसिद्ध उदाहरणही असेच आहे. स्पेनमधील वाय्यादोलिद विद्यापीठात सुरू झालेल्या सराव-संग्रहात शंभराव्या क्रमांकावर ते आहे. संख्या सम असेल तर तिला दोनाने भागा. विषम असेल तर तिची तिप्पट करून एक मिळवा. एक येईपर्यंत हे करीत राहा. दोन संख्या दिल्या असता त्यांच्या दरम्यान सर्वांत लांब साखळी किती, हे सांगायचे. हे उदाहरण रचणाऱ्याने दोन गोष्टी चोख केल्या. 'दोन्ही टोके धरून' असे स्पष्ट म्हटले. आणि २२ या संख्येची साखळी पूर्ण लिहून तिची लांबी १६ आहे, असे दाखवले. त्यामुळे पहिली आणि शेवटची संख्या मोजायची की नाही, ही शंका उरली नाही. परंतु दिलेल्या दोन संख्यांपैकी पहिली मोठी असू शकते, हे त्याने कोठेच सांगितले नाही. नमुन्यात १ आणि १०, १०० आणि २००, अशा चढत्या जोड्याच आहेत. 'दिलेल्या क्रमानेच त्या दोन संख्या पुन्हा छापा,' एवढी एक ओळ मात्र आहे. जो ती ओळ वाचून 'हे मुद्दाम का सांगितले असावे?' असा विचार करतो, तो वाचतो, बाकीचे फसतात. या खड्ड्यात इंग्रजीत वाढलेलेही पडतात.

मग करावे काय?

प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वी उदाहरणाला पाच प्रश्न विचारावेत, असे त्या दिवशी आम्ही फळ्यावर लिहिले :

१. टोके धरायची की वगळायची?
२. नेमके काय मोजायचे? आरंभ मोजायचा का?
३. संख्या कशी लिहायची? डावीकडचे शून्य ठेवायचे की टाकायचे?
४. नियमाला अपवाद कोणता? तो आल्यास उत्तर काय द्यायचे?
५. दिलेल्या गोष्टी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात काय?

यांतील तिसरा प्रश्न किरकोळ समजू नका. डावीकडचे शून्य टाकले, तर चारही अंक सारखे असलेल्या नऊ संख्यांखेरीज आणखी ६८ चार अंकी संख्या ६१७४ ला न पोचता शून्यात विलीन होतात. दोन्हींपैकी कोणताही नियम करता येतो, पण तो सांगितला पाहिजे. जपानमधील 'ॲटकोडर' या स्पर्धेत २०२१ साली कापरेकरांच्याच नावाचे एक उदाहरण आले होते. तेथे डावीकडचे शून्य टाकण्याचा नियम होता. आणि ३०२१ चे अंक चढत्या क्रमाने मांडल्यास १२३ होतात, असे उदाहरणातच दाखवले होते. अशा एका दाखल्याने वाचणाऱ्याचा केवढा घोळ वाचतो!

यावरून दुसरा धडा घ्यावा. उदाहरणासोबत दिलेले नमुना उत्तर केवळ शेवटी ताळा पाहण्यासाठी नसते. ते शब्दांचा अर्थ लावण्याचेही साधन आहे. समजा, १११२ आणि १११४ या जोडीचे उत्तर ६ असे छापले आहे. टोके वगळली असती, तर १११३ एकटी उरून उत्तर ४ आले असते. आरंभ मोजला असता, तर ७ आले असते. म्हणजे टोके धरायची आणि वजाबाक्या मोजायच्या, हे दोन निर्णय एका आकड्याने दिले. मात्र शून्याचा निर्णय त्याने दिला नाही. कारण १११४ च्या वाटेत तो प्रश्नच उद्भवत नाही. नमुना कोठे बोलतो आणि कोठे गप्प बसतो, हे पाहावयास शिका.

आणि जेथे उदाहरण गप्प, नमुनाही गप्प, तेथे तिसरा उपाय : विचारा. संगणकशास्त्राचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड १९८९ साली बल्गेरियात सुरू झाले. भारत त्यात २००२ पासून भाग घेतो. तेथे स्पर्धकाला लेखी शंका विचारण्याचा हक्क असतो, आणि ती तो आपल्या मातृभाषेतही लिहू शकतो. उत्तर मात्र ठरावीक शब्दांत मिळते : 'होय', 'नाही', 'उत्तर उदाहरणातच आहे', 'प्रश्न योग्य नाही' किंवा 'भाष्य नाही'. म्हणून शंका अशी मांडावी लागते की, तिला होय किंवा नाही म्हणता यावे. 'हे उदाहरण मला कळत नाही,' या वाक्याला कोण काय उत्तर देणार? पण 'वजाबाकी ९९९ आल्यास ती ०९९९ समजावी काय?' असे विचारले की, एका शब्दात निकाल लागतो. नेमकी शंका विचारता येणे, हे अर्धे उदाहरण सुटल्याचे लक्षण आहे.

मौनाची किंमत

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होते. तेथे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेवर मी अशी सूचना लिहिली : 'पहिला प्रश्न आवश्यक आहे. कोणतेही चार प्रश्न सोडवा.' माझ्या मनात पहिला धरून चार प्रश्न होते. वर्गातील एका हुशार मुलीने पहिला सोडून आणखी चार, असे पाच प्रश्न हाती घेतले. वेळ पुरला नाही. शेवटचे दोन अर्धवट राहिले आणि तिचे गुण घसरले. पेपर तपासताना माझी सूचना मला प्रथमच परक्याच्या डोळ्यांनी दिसली, आणि मी चपापले. तिला बोलावून विचारले, "अग, शंका आली होती, तर मला विचारले का नाहीस?" ती खाली मान घालून म्हणाली, "बाई, मला वाटले, मलाच कळले नाही."

ते वाक्य मी अजून विसरले नाही. चूक माझ्या लेखणीची होती, आणि तिचा भार त्या मुलीने मुकाट्याने आपल्या बुद्धीवर घेतला होता. मी तिचे गुण सुधारले. परंतु त्यापूर्वी किती मुलांनी असेच मौन पाळले असेल, याची गणती माझ्याजवळ नाही.

म्हणून त्या दिवशी संगणकाच्या खोलीत मी मुलांना म्हणाले, "आता आपणच हे उदाहरण नीट लिहू." तासाच्या अखेरीस फळ्यावर पुढील मजकूर तयार झाला :

"एक चार अंकी संख्या घ्या; तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करा. उत्तर चारांपेक्षा कमी अंकांचे आल्यास डावीकडे शून्य लिहून ते चार अंकी करा. ६१७४ येईपर्यंत हीच क्रिया करा. जितक्या वजाबाक्या, तितक्या पायऱ्या; मूळ संख्याच ६१७४ असल्यास पायऱ्या शून्य. दोन चार अंकी संख्या दिल्या असता, त्या दोन्ही धरून, त्यांच्या दरम्यानच्या संख्यांपैकी एखादीस जास्तीत जास्त किती पायऱ्या लागतात ते सांगा. दिलेल्या संख्यांपैकी कोणतीही आधी येऊ शकेल. चारही अंक सारखे असलेल्या संख्या वगळाव्यात."

आम्ही सर्वजण आपल्या कामगिरीवर खूश होतो. इतक्यात मागच्या बाकावरचा, एरवी कधी न बोलणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, दोन्ही संख्या ११११ च दिल्या तर?"

वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. टोके धरली, तर संख्या एकच. आणि तीही वगळायची. मग उत्तर काय छापायचे? कोणालाच सुचले नव्हते. 'अशी एकही संख्या न उरल्यास ० छापा,' हे शेवटचे वाक्य त्याच्या हातून फळ्यावर लिहविले. दुसऱ्या दिवशी सर आले. त्यांनी फळा वाचला, आपल्या वहीतील मूळ उदाहरण खोडले आणि हे नवे उतरवून घेतले. या नव्या उदाहरणाप्रमाणे ११११ आणि १११४ यांचे उत्तर ६ येते. पण मागच्या बाकावरच्या त्या एका प्रश्नाचे मोल मला त्या उत्तराहून अधिक वाटले.

मित्रांनो, वाचून कळले नाही, तर पुन्हा वाचा. नमुना तपासा. हाताने एक लहान उदाहरण करून पाहा. एवढे करूनही दोन अर्थ उरले, तर उभे राहा आणि विचारा. त्या वेळी उणीव तुमच्या बुद्धीत नसून लिहिणाऱ्याच्या वाक्यात असण्याचा पुष्कळ संभव असतो. पालकांनाही माझी विनंती आहे की, मुलाने शंका काढली, तर 'एवढेही कळत नाही का?' असे त्यास म्हणू नये. एवढे या लेखातून साधले, तरी माझे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

स्वाध्याय

१. तीन अंकी संख्यांसाठी हीच क्रिया केल्यास ४९५ ही संख्या येते. २११ पासून आरंभ करा. डावीकडचे शून्य ठेवल्यास किती वजाबाक्या लागतात? शून्य टाकल्यास काय होते?

२. 'हे औषध दोन दिवसांआड घ्यावे,' या वाक्याचे दोन अर्थ सांगा. औषध सोमवारी प्रथम घेतले, तर प्रत्येक अर्थाप्रमाणे पुढील वार कोणता? कोणालाही शंका राहणार नाही अशा रीतीने ते वाक्य पुन्हा लिहा.

३. या लेखातील आमच्या सुधारलेल्या उदाहरणात अजूनही एखादी संदिग्ध जागा सापडते का, ते शोधा. सापडल्यास मला येऊन सांगा. मला आनंदच होईल.